शेवटच्या रांगेपर्यंत : एका घरगुती ॲम्प्लिफायरची जडणघडण

आपल्या शाळेच्या सभागृहात उच्चारलेला प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेत बसलेल्या मुलाला स्पष्ट कळावा, या एकाच हेतूने आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी ॲम्प्लिफायर स्वतः घडविण्याचे काम हाती घेतले. बाजारातून आणलेला जुना संच आवाज मोठा करीत असे. पण सकाळची वंदना असो वा १४ एप्रिलचे भाषण, मागच्या मुलांना 'श' आणि 'स' यांतला फरक कळत नसे. लहान वयात भाषा कानावाटेच मनात शिरते. जो शब्द ऐकूच आला नाही, त्याविषयी मूल प्रश्न तरी काय विचारणार? या यंत्राची रचना आणि त्यातील सुधारणा स्मरणिकेत सविस्तर मांडावी, अशी अनेक पालकांची आणि माजी विद्यार्थ्यांची इच्छा होती. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मंगळवार पेठेजवळच खासबाग मैदान आणि त्याला लागून केशवराव भोसले नाट्यगृह आहे. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून ते उभे राहिले, तेव्हा गायकाला आपला स्वर शेवटच्या प्रेक्षकापर्यंत स्वतःच्या छातीच्या बळावर पोहोचवावा लागे. आज कोल्हापुरात आवाजाचा विषय निघाला की 'डॉल्बी' हा शब्द हमखास येतो आणि डोळ्यांपुढे मिरवणुकीतली खोक्यांची भिंत उभी राहते. गंमत अशी की, रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये स्थापन केलेल्या कंपनीचे पहिले नाव झाले, ते ध्वनिफितीतली नको असलेली खरखर कमी करण्याच्या तंत्रामुळे. गोंगाट कमी करणाऱ्याचे नाव आपण गोंगाटाला दिले आहे!

म्हणून पहिला प्रश्न 'किती वॅट?' हाच होता. येथे सर्वसाधारण समज आणि भौतिकशास्त्र यांची फारकत होते. शक्ती दुप्पट केली तर आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. एक वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा साधारण स्पीकर घेतला, तर २५ वॅटला तो १०४ डेसिबल देईल. अंतर दुप्पट झाले की उघड्या जागेत ६ डेसिबल घटतात. म्हणजे १६ मीटरवर ८० डेसिबल उरतील. समोरासमोरचे बोलणे साधारण ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतले तर २५ वॅट आपल्या सभागृहाला पुरून उरतात. खोक्यावर छापलेले 'पीएमपीओ'चे हजारो वॅट ही जाहिरातीची भाषा आहे. तिचा वीजबिलाशीही मेळ बसत नाही.

२५ वॅट हे ध्येय ठरल्यावर बाकीचे आकडे आपोआप पुढे येतात. ८ ओहमच्या स्पीकरला २५ वॅट देण्यासाठी सुमारे १४ व्होल्ट लागतात; त्या लहरीचे शिखर २० व्होल्ट आणि २.५ अँपियर असते. ट्रान्झिस्टर आणि रोध यांत साधारण तीन व्होल्ट खर्च होतात, शिवाय भार पडल्यावर पुरवठा थोडा खचतो. म्हणून धन आणि ऋण बाजूस प्रत्येकी सुमारे २५ व्होल्ट हवेत. १८-०-१८ व्होल्ट, ३ अँपियरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर यांतून ते मिळतात. हे कपॅसिटर प्रथम ४,७०० मायक्रोफॅरडचे बसविले होते. पूर्ण आवाजात पुरवठ्यावरची लहर पावणेदोन व्होल्टच्या आसपास जाते, हे पाहून पुढे ते १०,००० मायक्रोफॅरडचे केले आणि ती लहर निम्म्यावर आली.

शेवटच्या टप्प्यासाठी २एन३०५५ आणि त्याचा जोडीदार एमजे२९५५ ही जोडी निवडली. २एन३०५५ हा अमेरिकेच्या आरसीए कंपनीने साठच्या दशकात आणलेला ट्रान्झिस्टर. याहून वेगवान ट्रान्झिस्टर आज कितीतरी आहेत. पण हा दणकट आहे, स्वस्त आहे आणि त्याचा धातूचा टोपीवजा डबा मुलांना हातात घेऊन पाहता येतो. मात्र बाजारात नकली नगही फिरतात. डबा तोच असतो, आतली सिलिकॉनची चकती मात्र लहान असते आणि खऱ्या भाराखाली ती क्षणात जळते. म्हणून खरेदीत चार पैसे वाचविण्यापेक्षा ओळखीचे दुकान गाठावे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

या दोघांचे काम कसे चालते? लाकूड चिरणाऱ्या दोघांची करवत आठवावी. एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, मग पाळी बदलते. लहरीचा वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा दुसरा. पाळी बदलताना दोघांचेही हात क्षणभर सैल पडले तर करवत अडखळते. तसेच येथे होते. कारण सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्टखाली जागाच होत नाही. या अडखळण्याला क्रॉसओव्हर विकृती म्हणतात. ती मोठ्या आवाजात लपते आणि हळू आवाजात उघडी पडते. व्यंजनांची शक्ती मुळातच स्वरांपेक्षा कमी असते. शिवाय ही विकृती ज्या कर्कश वरच्या लहरी निर्माण करते, त्या नेमक्या 'श', 'स', 'छ' यांच्याच पट्ट्यात जाऊन मिसळतात. जुन्या संचात आवाज मोठा असूनही शब्द हरवत, त्याचे एक प्रमुख कारण हे होते.

उपाय असा की दोघांचेही हात कधीच पूर्ण सैल पडू द्यायचे नाहीत. आवाज नसतानाही दोघांतून थोडा प्रवाह वाहता ठेवायचा. आम्ही तो ५० मिलिअँपियर ठेवला. शेवटचे दोन आणि त्यांना चालविणारे बीडी१३९ व बीडी१४० मिळून चार ट्रान्झिस्टर, प्रत्येकी ०.६ धरून सुमारे २.४ व्होल्टची फट भरावी लागते. परंतु येथे एक घातक गोष्ट आहे. ट्रान्झिस्टर तापला की त्याला जागे करणारा व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. फट तीच राहिली तर प्रवाह वाढतो, प्रवाहाने उष्णता वाढते, उष्णतेने पुन्हा प्रवाह. हे चक्र थांबविले नाही तर ट्रान्झिस्टर स्वतःलाच भाजून घेतो. म्हणून ती फट राखणारा आणखी एक बीडी१३९ आम्ही त्याच हीटसिंकवर, मुख्य ट्रान्झिस्टरांच्या अगदी शेजारी स्क्रूने कसला. ते तापले की तोही तापतो आणि फट आपोआप आवळतो. एमिटरमधील ०.२२ ओहमचे रोध दुसरा लगाम घालतात. प्रवाह मोजण्याची सोपी रीत हीच : एका रोधावर ११ मिलिव्होल्ट दिसले की ५० मिलिअँपियर झाले. हे मापन यंत्र अर्धा तास चालू ठेवल्यानंतर करावे. थंड यंत्रावरचा आकडा फसवा असतो.

हीटसिंकसाठी ॲल्युमिनियमचा पंखेदार तुकडा शिवाजी उद्यमनगरातून कापून आणि भोके पाडून आणला. ज्या शहरात ओतकाम आणि लेथ घरोघरीच्या बोलण्यात आहेत, तेथे ही अडचण राहत नाही. या ट्रान्झिस्टरचा धातूचा डबा म्हणजेच त्याचा कलेक्टर. एकाच्या डब्यावर धन २५ आणि दुसऱ्याच्या डब्यावर ऋण २५ व्होल्ट असतात. दोन्ही उघडे एकाच पत्र्याला टेकले तर थेट शॉर्ट! म्हणून मध्ये अभ्रकाची चकती आणि दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर हवा. बसविल्यावर मीटरने खात्री केल्याशिवाय वीज द्यायची नाही, असा आमचा दंडक आहे.

उरलेल्या विकृतीचा बंदोबस्त ज्या कल्पनेने होतो, तिची जन्मकथा मुलांना फार आवडते. २ ऑगस्ट १९२७ रोजी हॅरॉल्ड ब्लॅक हा अमेरिकन अभियंता हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीतून कामावर जात होता. बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून आत परत आणावा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहावा, ही कल्पना त्याला तेथे सुचली. हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्याने ती आकृती मांडली. पेटंट मिळायला मात्र १९३७ साल उजाडले. यालाच ऋण प्रतिपोषण म्हणतात. आमच्या मंडलात २२ किलोओहम आणि १ किलोओहम अशा दोन रोधांनी ते साधले आहे. त्यामुळे यंत्राची वाढ २३ पट एवढीच राहते आणि सुमारे ०.६ व्होल्टच्या संकेताला पूर्ण २५ वॅट मिळतात. मूळची वाढ हजारोपट असते. ती जाणूनबुजून घालवून आपण शुद्धता विकत घेतो.

हा सौदा फुकटचा नाही. फार उच्च वारंवारितेला परत येणारा अंश उशिरा पोहोचतो, आणि विरोध करण्याऐवजी तो साथच देऊ लागतो. मग यंत्र स्वतःच कानाला न ऐकू येणाऱ्या स्वरात गाऊ लागते. स्पीकर गप्प, पण हीटसिंक मात्र चटके देतो. ही खूण ओळखून ठेवावी. यावर मधल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर आणि बेसमध्ये १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, आणि बाहेर स्पीकरच्या समांतर १० ओहम व ०.१ मायक्रोफॅरडची जोडी, असे दोन उपाय केले आहेत.

गुणगुणीचा प्रश्न वेगळा आणि खरे तर अधिक चिकाटीचा. तिचा स्वर ओळखला की अर्धे काम होते. आपली वीज ५० हर्ट्झची. तोच खर्जातला स्वर असेल तर माइकच्या वायरीने किंवा ट्रान्सफॉर्मरच्या जवळिकीने तो उचलला आहे. त्याच्या वरच्या सप्तकातला, १०० हर्ट्झचा आणि थोडा खरखरीत स्वर असेल, तर रेक्टिफायरचा प्रवाह नाजूक संकेताच्या ग्राउंडच्या वायरीतून वाहतो आहे. सुधारणा अशी केली : दोन मोठ्या कपॅसिटरांच्या मध्यावर एकच बिंदू ठरविला आणि स्पीकर, पुरवठा व संकेत यांची ग्राउंडची वायर प्रत्येकाची स्वतंत्र त्या बिंदूपर्यंत नेली. कोणी कोणाच्या वाटेने जायचे नाही. या एका बदलाने जेवढी शांतता आली, तेवढी महागड्या सुट्या भागांनी आली नसती.

सुरक्षिततेबाबत तडजोड नाही. यंत्राचा पत्र्याचा डबा तीन पिनांच्या प्लगने अर्थिंगला जोडलेला आहे. पहिल्यांदा वीज देताना १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावला. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक, तसाच तेजाने जळत राहिला तर आत शॉर्ट आहे आणि तरीही काही जळत नाही. स्पीकर जोडण्यापूर्वी बाहेरचा स्थिर व्होल्टेज ५० मिलिव्होल्टच्या आत आहे, हे पाहिले. आठवी-नववीच्या मुलांनी सोल्डरिंग करावे, मोजमाप करावे. पण २३० व्होल्टच्या बाजूला मोठ्या माणसाखेरीज कोणी हात लावू नये.

कोणी विचारतात, आज तयार बोर्ड इतके स्वस्त मिळत असताना हा खटाटोप कशासाठी? तयार बोर्ड बिघडला की फेकावा लागतो; यातला प्रत्येक भाग मुलांना काढून, मोजून, बदलता येतो. शिकण्यासाठी आणखी सोपे मंडल हवे असल्यास जॉन लिन्सली हूड यांचे १९६९ सालचे चार ट्रान्झिस्टरांचे दहा वॅटचे मंडल घ्यावे. ते २७ व्होल्टवर १.२ अँपियर सतत पिते, म्हणजे आवाज असो-नसो ३२ वॅट उष्णता. सभागृहासाठी ते परवडणारे नाही, पण प्रयोगशाळेत त्यासारखा शिक्षक नाही.

यंत्र नीट झाल्यावरही काही शब्द भिंतींच्या प्रतिध्वनीत विरत होते. तेव्हा एका मोठ्या स्पीकरऐवजी दोन्ही बाजूंना उभे कॉलम स्पीकर मुलांच्या डोक्यांच्या किंचित वर, आतल्या बाजूला वळवून लावले आणि आवाज वाढविण्याऐवजी थोडा कमीच केला. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरू शकतो आणि तेथे दिवसाची मर्यादा ५० डेसिबलची आहे. म्हणून कार्यक्रमाच्या वेळी रस्त्याकडच्या खिडक्या मिटून घेण्याची पद्धत ठेवली आहे.

पुढच्या टप्प्यात स्पीकर वाचविणारे रिलेचे मंडल बसवायचे आहे : बाहेर स्थिर व्होल्टेज आल्यास ते स्पीकर तोडेल आणि वीज देतानाचा 'धप्प' आवाजही टाळेल. दुसऱ्या चॅनलचे बोर्ड तयार असून त्याचे मापन नववीच्या मुलांकडे सोपविले आहे. मंडलाची आकृती आणि प्रत्येक बिंदूवरचे अपेक्षित व्होल्टेज लिहिलेला तक्ता यंत्राच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटविलेला आहे.