सहलीतले गव्हाविना ताट

सुट्टीत सहलीला निघायचे ठरले की आपल्या घरांत पहिली चौकशी तिकिटांची होते आणि दुसरी खाण्याची. हलाल कुठे मिळेल आणि मुलांच्या पोटाला काय झेपेल, हे दोन प्रश्न सुटले की पिशव्या भरायला घेतात. पण ज्या घरातल्या एका लेकराला गहू वर्ज्य आहे, तिथे तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो पहिल्या दोघांपेक्षा अवघड असतो. पोळी, पाव, बिस्किट, सामोसा, नूडल्स, केक यांशिवाय सहल कशी होणार? आणि बाकीची मुले खात असताना त्या एकाने काय करायचे?

आमच्या घरात हा प्रश्न पुतणीमुळे आला. ती आता अकरा वर्षांची आहे. दोन वर्षे तिचे हिमोग्लोबिन वाढत नव्हते. लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झाले, खजूर आणि पालक झाले. उंची थांबल्यासारखी वाटत होती, पोट फुगायचे, वर्गात ती मलूल बसायची. शेवटी नागपूरच्या डॉक्टरांनी रक्ताची एक तपासणी आणि नंतर दुर्बिणीने आतड्याची तपासणी करून सिलिअॅक रोग असल्याचे सांगितले. या रोगावर गोळी नाही. गहू, जव आणि राय ही धान्ये आयुष्यभर बंद, हाच इलाज.

ग्लुटेन म्हणजे काय?

हे समजायला प्रयोगशाळा लागत नाही. कणकेचा एक गोळा भिजवून अर्धा तास ठेवा आणि मग नळाच्या बारीक धारेखाली चोळत धुवा. पांढरे पाणी वाहून जाते, ते स्टार्च. हातात रबरासारखा, ताणला जाणारा चिकट गोळा उरतो, ते ग्लुटेन. याच चिकटपणामुळे पोळी लाटताना फाटत नाही आणि पाव फुगतो. सर्वसाधारण माणसाला त्याचा काहीच त्रास नाही. सिलिअॅकच्या रुग्णाचे शरीर मात्र ग्लुटेन पोटात गेले की आपल्याच लहान आतड्याला इजा करू लागते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते आणि अन्नातले सत्त्व तीच शोषून घेते. ती लव झिजली की कितीही चांगले खाऊ घाला, अंगी लागत नाही. आमच्या मुलीची लोहाची गोळी वाया जात होती ती यामुळेच.

गव्हाचा आणि या रोगाचा संबंध नेदरलँड्सचे बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी जगापुढे मांडला. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा या रोगाची मुले बरी राहिली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. डिके यांना गव्हाबद्दल आधीपासून शंका होती. १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला. आपल्याकडे उत्तर भारतात झालेल्या पाहणीत साधारण शंभरात एकाला हा रोग आढळला आहे. भात खाणाऱ्या दक्षिणेत तो कमी दिसतो.

‘एका घासाने काय होते?’

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. आमच्याकडे तो दादींनी विचारला, आणि प्रेमाने विचारला. नात ताटावर बसून शीरखुर्म्याकडे बघते, हे त्यांना बघवत नव्हते. त्यांना आम्ही हिशेब सांगितला. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जात राहिले तरी रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते. पावाच्या एका स्लाइसमध्ये याच्या कितीतरी पट ग्लुटेन असते. म्हणजे ताटात सांडलेला पोळीचा चुराही मोजावा लागतो. त्यानंतर दादींनी शीरखुर्म्यासाठी तांदळाच्या शेवया शोधायला लावल्या आणि आता ईदला सगळ्या घराचा शीरखुर्मा त्याच शेवयांचा होतो.

आजाऱ्याला जवाचा तलबिना देण्याची रीत आपल्या कित्येक घरांत आहे. ती चांगलीच आहे. पण या एका आजारात जव चालत नाही. पाहुणीने मायेने वाटी पुढे केली तरी आईने नम्रपणे नको म्हणावे. यात कुणाचा अनादर होत नाही.

सहलीचा बेत

आमचे नाकाडोंगरी तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ. शेजारी डोंगरी बुजुर्गची मॅंगनीजची खाण. इथल्या मुलांनी मोठे पाळणे पाहिले ते उरुसात आणि मंडईत. त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत तीन कुटुंबांनी मिळून हैदराबादला जायचे ठरले, तेव्हा मुलांना झोप लागेना. तिथे १९९६ साली सुरू झालेली रामोजी फिल्म सिटी आहे, २०१६ साली सुरू झालेले वंडरला उद्यान आहे. आपल्या राज्यात खोपोलीजवळ २०१३ पासून इमॅजिका आहे. पण आमच्या भागाला नागपूरहून गाडीने हैदराबाद सोयीचे.

तेव्हा घरात एक सूचना आली की पुतणीला या वेळी नानीकडे ठेवावे, म्हणजे तिचे हाल नकोत आणि इतरांचाही खोळंबा नको. सूचना वाईट हेतूने नव्हती. पण भाऊ म्हणाला, “आज सहलीला ठेवून जाऊ, उद्या लग्नाला ठेवून जाऊ, परवा ती स्वतःच यायचे नाही म्हणेल.” ते सगळ्यांना पटले. मग बेत उलटा केला. आधी तिचे ताट ठरवले आणि त्याभोवती सहल आखली.

घरून काय नेले?

भंडारा हा भाताचा जिल्हा. इथला चिन्नोर तांदूळ तर भौगोलिक मानांकन मिळालेला. ज्या मुलाला गहू वर्ज्य आहे, त्याच्यासाठी धानाच्या मुलखात राहणे ही मोठीच नेमत म्हणायची. आम्ही छोटा विजेचा कुकर, तांदूळ, मूगडाळ आणि घरी कुटलेले मसाले घेतले. सोबत मुरमुरे, पोह्यांचा चिवडा, शेंगदाणा-गुळाचे लाडू, राजगिऱ्याचे लाडू, मखाने, खजूर, केळी आणि उकडलेली अंडी. पहिल्या दिवसासाठी ज्वारीच्या भाकरी.

या यादीत तीन ठिकाणी सावध राहावे लागते. पहिले, पीठ. गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून ज्वारी आणि तांदूळ आम्ही घरच्या मिक्सरवर दळतो. दुसरे, हिंग. बाजारातल्या डबीतला हिंग शुद्ध नसतो. त्यात बहुतेक वेळा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. डबीवर घटक वाचावेत. तिसरे, सत्तू. आपल्याकडचा सत्तू अनेकदा गहू आणि चणे मिळून होतो. फक्त चण्याचाच चालतो.

बंद पाकिटावर ॲलर्जीविषयीची ओळ असते, तिथे गहू किंवा ग्लुटेनचा उल्लेख आहे का ते पाहावे. ‘ग्लुटेन फ्री’ असे छापण्यासाठी आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. मात्र शाकाहाराचा हिरवा ठिपका किंवा हलालचा शिक्का यांपैकी कशावरूनही गव्हाचे कळत नाही.

हैदराबादचा दस्तरखान

हैदराबादचे नाव घेतले की बिर्याणी आणि हलीम. हलीम गव्हाचीच, त्यामुळे ती पूर्ण बंद. उस्मानिया बिस्किट बंद, डबल का मीठा पावाचा, तोही बंद. बिर्याणीत गहू नसतो असे वाटते. पण दम देताना भांड्याचे झाकण कणकेने लिंपतात आणि झाकण उघडताना तिचे तुकडे भातात पडू शकतात. म्हणून आधी विचारावे.

पण चालण्यासारखेही पुष्कळ होते. हैदराबादी न्याहारीतली खिचडी-खीमा आणि तीळ-चिंचेचा खट्टा, शेंगदाणे आणि तिळाचे मिरची का सालन, जर्दाळूचा खुबानी का मीठा, साधा डोसा, इडली. इथेही विचारूनच. रवा इडली गव्हाची असते, पेसरट्टूत उपमा भरलेला असू शकतो, सांबारात हिंग असतो.

पहिल्या रात्री एका खानावळीत आम्ही विचारले, “चिकनमध्ये गहू आहे का?” वाढणारा म्हणाला, “नाही.” मुलीने भात आणि रस्सा खाल्ला. दोन तासांनी पोटात कळा आणि उलट्या. सकाळी आचाऱ्याला भेटलो, तेव्हा कळले की रस्सा दाट करायला मैदा लावतात. वाढणाऱ्याच्या हिशेबी गहू म्हणजे रोटी. मैदा त्याने गव्हात धरलाच नव्हता. तो खोटे बोलला नव्हता. पण ती रात्र आणि पुढचा अर्धा दिवस मुलगी पांघरुणात होती. बाकीची मुले चारमिनार पाहायला गेली नाहीत. तिच्याजवळ पत्ते खेळत बसली.

त्या दिवसापासून विचारण्याची रीत बदलली. ‘गहू आहे का’ याऐवजी ‘हे कशाकशाने बनते’ असे थेट आचाऱ्याला विचारायचे. मग एक चिठ्ठी तयार केली. उर्दू आणि मराठी घरात येतेच. हिंदी आणि इंग्रजी मुलांनी लिहिले, तेलुगू मजकूर लॉजच्या व्यवस्थापकांनी लिहून दिला. मजकूर असा:

“या मुलीला गहू, मैदा, रवा, कणीक, शेवया, पाव, जव, सोया सॉस आणि गव्हाचे पीठ असलेला हिंग चालत नाही. थोडेही पोटात गेले तर ती आजारी पडते. भात, डाळ, अंडी, मांस, भाज्या, दूध, फळे चालतात. कृपया वेगळे भांडे, वेगळा चमचा आणि न वापरलेले तेल घ्या.”

शेवटची ओळ महत्त्वाची. ज्या तेलात सामोसे तळले त्यात बटाट्याचे काप तळले, ज्या तव्यावर पराठा झाला त्यावर डोसा घातला, तर डोसा तांदळाचा असूनही उपयोग नाही.

उद्यानाच्या दारात

मोठ्या उद्यानांत बाहेरचे खाणे नेण्यास बहुधा मनाई असते. परदेशांतल्या काही मोठ्या उद्यानांत उपाहारगृहाच्या यादीवरच ॲलर्जीच्या पाहुण्यांसाठी वेगळे पदार्थ दिलेले असतात. आपल्याकडे ती सोय अजून सर्वत्र नाही. म्हणून निघण्याच्या दोन आठवडे आधी आम्ही उद्यानाला ईमेल लिहिला, आजार सांगितला आणि डबा नेण्याची परवानगी मागितली. उत्तर छापून घेतले, डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. दारावरच्या सुरक्षारक्षकाने डबा थांबवला, कागद पाहिले, आपल्या साहेबांना विचारले आणि आत सोडले. पाच मिनिटे लागली. उद्यानाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण नियम जागोजागी वेगळे असतात आणि बदलतात. प्रत्येकाने आपल्या तारखेसाठी स्वतः लेखी विचारावे.

आत गेल्यावर जेवणाची वेळ आम्ही लवकर ठेवली. भुकेले मूल आणि समोर पिझ्झाची रांग, हा प्रसंगच येऊ द्यायचा नव्हता. अकरा वाजता सगळ्यांनीच घरचा चिवडा आणि लाडू खाल्ले. दुपारी इतरांनी उपाहारगृहातून घेतले, तिने डब्यातला खिमा-भात. संध्याकाळी आइस्क्रीम सगळ्यांनी कपातले घेतले, कोनातले कुणीच नाही, कारण कोन मैद्याचा. तिच्या लहान भावाने कोनासाठी थोडा हट्ट केला, मग तोही कपावर राजी झाला. पाण्याच्या घसरगुंडीवर मात्र तीच सर्वांत पुढे होती. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या जिन्यावर जिला धाप लागायची, ती मुलगी अठ्ठावीस वेळा पायऱ्या चढून गेली. आकडा तिनेच मोजलेला.

वाचक भगिनींना आणि भावांना दोन गोष्टी

एक, घरात एखाद्या मुलाचे वजन-उंची वाढत नसेल, जुलाब किंवा पोट फुगणे चालूच असेल, लोहाच्या गोळ्यांनी रक्तक्षय हटत नसेल, तर डॉक्टरांना सिलिअॅकबद्दल जरूर विचारा. ‘टीटीजी-आयजीए’ ही रक्ताची तपासणी त्यासाठी असते. पण तपासणीच्या आधी स्वतःहून गहू बंद करू नका. गहू आधीच सोडला असेल तर तपासणीत रोग दिसत नाही आणि निदान चुकते. ज्याला आजार नाही त्याने फॅशन म्हणून गहू सोडण्याचेही कारण नाही.

दुसरी गोष्ट नातेवाइकांसाठी. अशा मुलाला दावतीला बोलवायला संकोच करू नका. हलाल आहे का हे विचारायला आपण कधी लाजत नाही आणि विचारणाऱ्याचे वाईटही वाटून घेत नाही. तसेच हेही. त्याच्या आईला आधी फोन करा, साधा भात आणि एक सालन वेगळ्या भांड्यात शिजवा आणि इतरांच्या रोट्या फिरण्याआधी त्याचे ताट वाढा. एवढे केले तरी ते लेकरू सगळ्यांच्या पंक्तीला, त्याच दस्तरखानावर बसून जेवू शकते.

आमच्या पुतणीचे हिमोग्लोबिन आता बारावर आले आहे, अल्हम्दुलिल्लाह. ती चिठ्ठी तिने प्लास्टिकच्या पाकिटात घालून दप्तरात ठेवली आहे आणि उपाहारगृहात आता तीच स्वतः आचाऱ्याशी बोलते.