पोरींच्या पायांत बूट कोण घालणार?

राजगडाच्या पायथ्याला, आमच्या पालीत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कबड्डी म्हणजे अजून ‘हुतूतू’च. पोरीही खेळतात, पण शाळा सुटेपर्यंत. पुढे संघच नाही! म्हणून मला मुंबईच्या ‘शिवशक्ती महिला संघा’चं फार अप्रूप.

लोअर परळची सोनाली शिंगटे तिथेच घडली. वडील सुरक्षारक्षक, आई अपंग असूनही खानावळ चालवायची. बुटांना पैसे कुठले? बूट, किट दिलं ते संघाचे प्रशिक्षक राजेश पाडावे यांनी.

२०१८ साली जकार्ताच्या एशियाडमध्ये सोनाली भारताकडून उतरली. फायनलला इराणने आपल्याला २७-२४ असं हरवलं आणि गंमत बघा, इराणच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन! २०२३ मध्ये हांगझोऊला मात्र चिनी तैपेईवर २६-२५, अवघ्या एका गुणाने मात करून आपण सुवर्ण घेतलं. सोनालीबरोबर पुण्याची स्नेहल शिंदेही होती. त्या स्पर्धेतलं भारताचं ते शंभरावं पदक.

महिलांचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. एवढी जागा कुठल्याही वाडीत निघते. नडते ती संध्याकाळ. दिवेलागण झाली की पोरीमागे पाणी, चूल, धाकटं भावंड. आणि मैत्रिणींनो, ‘मैदानावर कशाला मिरवतेस?’ असं विचारतो कोण? आपणच ना!

भात झोडून झालं, की आम्ही चौघीजणी यंदा खळं मुलींसाठी मोकळं ठेवणार आहोत. आखायला चुना आणलाय. बुटांचं तेवढं ठरायचंय.