‘आणि’ म्हणजे काय?

काही वर्षांपूर्वी धाराशिव जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्रावर बोलण्याचा योग आला. फळ्यावर ‘आणि’चे सत्यता कोष्टक मांडून मी म्हणालो, “‘अ आणि ब’ हे विधान केव्हा सत्य? अ सत्य असेल आणि ब सत्य असेल तेव्हा.” मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. “सर, ‘आणि’चा अर्थ सांगताना तुम्ही ‘आणि’च वापरला. ज्याला तो शब्द ठाऊकच नाही, त्याला हे कसे कळणार?”

प्रश्न बिनतोड होता. ‘पाणी’ हा शब्द शिकवताना तांब्याकडे बोट दाखवता येते. ‘आणि’, ‘किंवा’, ‘पण’ या उभयान्वयी अव्ययांकडे बोट कसे दाखवणार? मग त्यांचा अर्थ येतो कुठून?

एक उत्तर असे, की तो वापराच्या नियमांतून येतो. बुद्धिबळातला उंट लाकडी आहे की प्लॅस्टिकचा, याला महत्त्व नाही. तो तिरका चालतो, ही चाल कळली की उंट कळला. जर्मन गणिती गेरहार्ड गेन्ट्सेन याने १९३४-३५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात तार्किक शब्दांसाठी असेच नियम मांडले. प्रत्येक शब्दाला दोन प्रकारचे नियम असतात. त्यांना आपण जोडणीचे आणि सोडवणीचे नियम म्हणू.

समजा, दोन विधाने आपल्या हाती आहेत : ‘तेर हे गाव तेरणा नदीच्या काठी आहे’ आणि ‘नळदुर्गचा किल्ला बोरी नदीवर आहे’. दोन्ही हाती असतील तरच ती ‘आणि’ने जोडता येतात. ही जोडणी. उलट, जोडलेले विधान हाती असेल, तर त्यातून तेरचे विधान काढता येते, तसेच नळदुर्गचेही. ही सोडवणी. गेन्ट्सेनच्या मते जोडणीचे नियम जणू त्या शब्दाची व्याख्याच असतात आणि सोडवणीचे नियम त्या व्याख्येतून निष्पन्न होतात.

मग कुणीही उठावे, दोन नियम लिहावेत आणि नवा शब्द तयार करावा, असे चालेल का? न्यूझीलंडचे तर्कशास्त्रज्ञ आर्थर प्रायर यांनी १९६० साली हाच प्रश्न एका खोडकर उदाहरणाने विचारला. त्यांनी ‘टॉन्क’ नावाचा शब्द बनवला. त्याचे नियम दोनच. जोडणी : ‘अ’ हाती असेल, तर ‘अ टॉन्क ब’ म्हणता येईल, ब कोणतेही विधान असो. सोडवणी : ‘अ टॉन्क ब’ हाती असेल, तर ‘ब’ म्हणता येईल.

आता गंमत पाहा. तेर तेरणेच्या काठी आहे. म्हणून, ‘तेर तेरणेच्या काठी आहे टॉन्क नळदुर्गचा किल्ला अरबी समुद्रात आहे’. म्हणून, नळदुर्गचा किल्ला अरबी समुद्रात आहे! प्रत्येक पायरी नियमाला धरून आहे आणि निष्कर्ष मात्र धडधडीत खोटा. या वाटेने काहीही सिद्ध करता येईल. म्हणून प्रायर यांचे म्हणणे असे, की शब्दाला अर्थ आधी असावा लागतो. नियमांची ग्राह्यता त्या अर्थावर ठरते. नुसत्या नियमांनी अर्थ निर्माण होत नाही.

अमेरिकेतील नुएल बेल्नॅप यांनी १९६२ साली याला उत्तर दिले. नियमांनी अर्थ देता येतो, पण कोणत्याही नियमांनी नव्हे. ‘टॉन्क’ येण्यापूर्वीही विधानांतून विधाने काढण्याची आपली एक रीत होतीच. नवा शब्द त्या रीतीत सामावला पाहिजे. ज्या विधानांत तो शब्द नाही, त्यांच्याविषयी त्याच्यामुळे नवे निष्कर्ष निघता कामा नयेत. तेरच्या विधानातही ‘टॉन्क’ नाही आणि नळदुर्गच्या विधानातही नाही. तरी एकातून दुसरे निघू लागले. तिथेच लबाडी उघडी पडते.

घरातली कणगी आठवा. तिच्यात ज्वारी आणि तूर घातली, तर ज्वारी निघेल, तूर निघेल. घातलेले निघाले पाहिजे आणि न घातलेले निघता कामा नये. ‘आणि’ ही अशी प्रामाणिक कणगी आहे. ‘टॉन्क’च्या कणगीत घातली ज्वारी आणि काढली साखर!

एवढ्याने अर्थ पुरता हाती आला का? ‘पण’ घ्या. ‘पाऊस पडला, पण विहिरीला पाणी आले नाही.’ येथे ‘पण’ऐवजी ‘आणि’ घातले तरी जोडणी-सोडवणीचे नियम तेच राहतात. तर्काच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये एकच. तरीही टंचाईच्या वर्षी आपल्या भागातला शेतकरी ‘पण’च म्हणेल, कारण अपेक्षाभंग त्या एका शब्दात आहे. व्याकरणही ‘आणि’ला समुच्चयबोधक आणि ‘पण’ला न्यूनत्वबोधक म्हणून वेगळे ठेवते. सिद्धतेला लागतो तेवढा अर्थ नियम देतात. बोलणाऱ्याच्या मनातले सारे देत नाहीत.

त्या मुलीला मी इतकेच सांगितले : कोष्टक ‘आणि’चा हिशेब मांडते, तो शब्द आपण शिकतो वापरातून. पहिला ‘आणि’ तुला कुणी व्याख्येने शिकवला नव्हता.

शिक्षकांनी वर्गात हा खेळ जरूर घ्यावा. मुलांना ‘किंवा’चे नियम शोधायला सांगावेत. जोडणी सोपी आहे : अ हाती असेल, तर ‘अ किंवा ब’ म्हणता येते. सोडवणीत मात्र मुले अडतील, कारण ‘अ किंवा ब’मधून अ काढता येत नाही आणि बही नाही. मग काय काढता येते? जे अ मधूनही निघते आणि ब मधूनही निघते, तेच. परीक्षा सोमवारी असो किंवा मंगळवारी, रविवारी अभ्यास करावाच लागतो! हा नियम मुलांनी स्वतः शोधला, तर तो पाठ करण्याची गरज उरणार नाही.