ई-पीक पाहणी : पेरा नोंदवायचा कसा?

ई-पीक पाहणी म्हणजे शेतातल्या पिकाची नोंद मोबाइल ॲपवर करणे.

● सातबारा दोन नमुन्यांचा : गाव नमुना ७ मालकीहक्काचा, १२ पिकांचा. ॲपमधली नोंद नमुना १२ वर चढते.

● पूर्वी ही नोंद तलाठी करत. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रभर शेतकरी स्वतः करतो.

● ॲपमध्ये खातेदार आणि गट निवडायचा. हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन भरायचे. फोटो मात्र बांधावर जाऊनच काढायचा, कारण त्यासोबत अक्षांश-रेखांश नोंदले जातात.

● स्मार्टफोन नसेल तर दुसऱ्याच्या फोनवरूनही नोंद होते.

● महत्त्वाचे : पाहणी केली म्हणजे पीकविमा उतरला असे नाही. त्याचा अर्ज वेगळा.