जीनोमची खतावणी

कोरोनाच्या काळात 'जीनोम सिक्वेन्सिंग' हा शब्द घराघरांत पोहोचला. विषाणूचा नवा प्रकार सापडल्याच्या बातम्या आपण वाचत होतो. पण यंत्राने वाचलेल्या अक्षरांच्या ढिगातून नेमका बदल शोधून काढतो कोण, हे फारसे कोणी विचारले नाही. ते काम संगणकावर चालते आणि त्याचे प्राथमिक शिक्षण बी.एस्सी. होऊन घरी बसलेल्या आपल्या मुलामुलींना घेता येण्याजोगे आहे.

येथे माऊसचा उपयोग थोडा. काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची आणि एन्टर दाबायचे. पुष्कळजण हा पडदा पाहूनच कचरतात. परंतु एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात आणि जीनोमची एकच फाइल त्याहून कितीतरी मोठी असू शकते. शिवाय एका नमुन्यासाठी लिहिलेल्या आज्ञा जपून ठेवल्या, तर त्याच शंभर नमुन्यांना लावता येतात. सुरुवातीला आज्ञा तरी किती? 'एलएस' म्हटले की फाइलींची यादी येते, 'हेड'ने पहिल्या दहा ओळी दिसतात, 'ग्रेप'ने हवा तो मजकूर शोधता येतो. अशा दहा-बारा आज्ञांवर पहिला दिवस निभावतो.

'डेटा कार्पेंट्री' या उपक्रमाचा जीनोमिक्सचा अभ्यासक्रम याच कामासाठी आहे. त्याचे पाठ इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. आमच्यासारख्या कारकुनाला विशेष आवडावे असे, की सुरुवात आज्ञांनी होत नाही. नमुन्यांची नोंद नीट कशी ठेवावी, हे आधी शिकवतात. मूळ फाइलची प्रत काढून तिच्यात कोणाला खाडाखोड करता येऊ नये, अशी तजवीजही करायला लावतात.

त्यानंतर फाइल वाचायची. प्रत्येक तुकड्याच्या चार ओळी असतात: नाव, अक्षरे, अधिकचे चिन्ह आणि चौथ्या ओळीत प्रत्येक अक्षराच्या विश्वासार्हतेची खूण. गुण २० असेल तर अक्षर चुकीचे असण्याची शक्यता शंभरात एक, ३० असेल तर हजारात एक. आपल्या खतावणीत प्रत्येक आकड्याखाली असा खरेपणा लिहिला असता, तर हिशेब तपासनिसांचे निम्मे काम वाचले असते! कमी गुणांचा भाग कापून टाकतात आणि उरलेले तुकडे मूळ जीनोमशी जुळवतात. एका अंकाच्या अनेक प्रती फाडून त्यांचे कपटे एका अखंड प्रतीवर जागच्या जागी ठेवावेत, तसे हे काम. बहुतेक कपट्यांवर एकच वेगळे अक्षर दिसले, तर तेथे बदल झाला असे मानतात.

सरावासाठी घेतलेला नमुना अमेरिकेतील रिचर्ड लेन्स्की यांच्या प्रयोगातील आहे. त्यांनी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूच्या बारा वसाहती वाढवायला सुरुवात केली. त्यांतील एका वसाहतीत सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर प्राणवायू असतानाही सायट्रेट खाऊन जगण्याची नवी शक्ती आली. ही गोष्ट २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. विद्यार्थी याच वसाहतीचे तीन नमुने तपासतात. ५,००० व्या पिढीत १० बदल सापडतात, १५,००० व्या पिढीत २५ आणि ५०,००० व्या पिढीत एकदम ७६६! नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी जिवाणूची यंत्रणाच मध्यंतरी बिघडली होती. स्वतः आज्ञा देऊन हा आकडा पडद्यावर आणल्यावर उत्क्रांती पाठ करावी लागत नाही.

ई. कोलायचा जीनोम सुमारे ४६ लाख अक्षरांचा, तर माणसाचा सुमारे ३०० कोटींचा. म्हणून जिवाणूवर शिकायला साधा संगणक चालतो. लिनक्स ही प्रणालीही फुकट मिळते.

पाठ इंग्रजीत आहेत, ही अडचण मात्र खरी आहे. दोघातिघांनी मिळून बसावे, एकाने वाचून मराठीत अर्थ सांगावा, दुसऱ्याने आज्ञा द्यावी, म्हणजे ती बरीच हलकी होते. केवळ एवढ्या शिक्षणावर नोकरी मिळेल, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नये. पुढे संख्याशास्त्र आणि 'आर' किंवा 'पायथॉन' भाषा शिकावीच लागते. पालकांनी एखाद्या खासगी वर्गाची भरमसाट फी भरण्यापूर्वी मुलांना हे पाठ महिनाभर करून पाहू द्यावेत. गोडी लागली, तर फीचा विचार मागाहून करता येईल.