फळा कोठून दिसतो?

अमरावती जिल्ह्यातील लोणी-टाकळी येथे 1881 साली जन्मलेल्या आणि नवव्या महिन्यातच दृष्टी गमावलेल्या गुलाबराव महाराजांना अवघे वऱ्हाड प्रज्ञाचक्षु म्हणून वंदन करते. परंतु त्यांच्या विद्यार्जनाकडे शिक्षकाच्या नजरेने पाहिले, म्हणजे मला विशेष वाटते ते हे की, ग्रंथ दुसऱ्याच्या मुखाने ऐकावयाचा आणि आपले विचार दुसऱ्याच्या हाताने लिहवून घ्यावयाचे, हा सारा क्रम त्यांच्या स्वतःच्या इच्छेने चाले. डोळे दुसऱ्याचे असत, निवड महाराजांची. 1915 साली, ऐन चौतिशीत त्यांनी देह ठेवला, तोवर शंभरावर ग्रंथ सिद्ध झाले होते.

आज विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वाट्याला साहाय्य येते, निवड क्वचित येते. वर्गशिक्षक, विशेष शिक्षक आणि पालक एकत्र बसून मुलाच्या शिक्षणाच्या आराखड्याचा मसुदा करतात, वैद्यकीय दाखला जोडतात, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप चालतो तो व्हरांड्यात बसून राहतो.

अकोल्यातील एका शाळेत पाचवीतला अल्पदृष्टी मुलगा, त्याला नीट दिसावे या निर्मळ हेतूने, पहिल्या बाकावर बसविला होता. तरी त्याच्या वहीत वाक्ये अर्धीच उतरत. मार्चचे ऊन खिडकीतून थेट फळ्यावर येत होते. मी विचारले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "इथून फया चमकते जी. त्या तिकडल्या बाकावरून बरा दिसते." गुरुजींनी तत्क्षणी त्याची जागा बदलली. वर्षभर हे त्याला ठाऊक होते. विचारले कोणी नव्हते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 याच्या चौथ्या कलमात, दिव्यांग बालकांना स्वतःविषयीच्या सर्व बाबींत मोकळेपणाने मत मांडण्याचा समान हक्क असून त्यासाठी वयानुरूप साहाय्य द्यावे, अशी स्पष्ट तरतूद आहे. परीक्षांसाठी केंद्र सरकारने 2018 साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत तर लेखनिक स्वतः आणावा की परीक्षामंडळाकडून घ्यावा, उत्तरे ब्रेलमध्ये द्यावीत की संगणकावर, याची निवड परीक्षार्थीकडेच ठेवली होती आणि ताशी किमान 20 मिनिटे जादा देण्यास सांगितले होते.

ज्याला बोलताच येत नाही, त्याला काय विचारावे, अशी शंका पुष्कळ सज्जन घेतात. त्याच्यासमोर दोन चित्रे ठेवावीत, दोन जागा दाखवाव्यात, आणि हात कोठे जातो, मान कोठे वळते, कशापाशी तो शांत होतो, हे धीराने पाहावे. मतिमंद म्हणून ज्याची नोंद झाली, त्यालाही आवडनिवड असतेच, आणि ती जाणून घेण्यास लागणारा वेळ हा शिक्षणाचाच भाग होय.

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वेळी आराखड्याच्या पहिल्या पानावर मुलाचे म्हणणे, त्याच्याच शब्दांत किंवा खुणांत, उतरवून घ्यावे, अशी वऱ्हाडातील शिक्षकांना व मातापित्यांना माझी कळकळीची विनंती आहे.