न्यायाधीश निवडून येतो का?

मागच्या सुट्टीत मी गावी, मन्नाएखेळ्ळीला गेलो होतो. पुढे कायदा शिकून न्यायाधीश व्हायचंय असं घरी सांगितलं, तर आजी म्हणाली, "मग तुला मतं कोण देणार रे?" सगळे हसले. मीही हसलो. पण आजीचं चुकलं नव्हतं. निवडून आलेला न्यायाधीश तिनं माहेरी स्वतःच्या घरातच पाहिला होता.

आजीचं माहेर उदगीर तालुक्यात. १९५६ पर्यंत उदगीर आपल्या बीदर जिल्ह्यातच होतं, राज्यांच्या पुनर्रचनेत ते पलीकडे गेलं. तिकडे १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत कायदा लागू झाला. त्यात न्यायपंचायतीची सोय होती. काही गावांचा एक गट करायचा, प्रत्येक ग्रामपंचायतीनं एक पंच निवडून द्यायचा आणि या पंचांनी लहान रकमांचे दिवाणी दावे व किरकोळ फौजदारी प्रकरणं ऐकायची. पंचाला कायद्याची पदवी लागत नसे. माझे पणजोबा असे पंच होते.

एकदा त्यांच्यापुढे त्यांच्या मेव्हण्याचंच प्रकरण आलं. शेजाऱ्याच्या उभ्या तुरीत त्याचे बैल शिरले होते. पणजोबांनी निकाल मेव्हण्याविरुद्ध दिला, भरपाई द्यायला लावली. आजी सांगते, "तीन दिवाळ्या मामा आमच्या दारात आला नाही." पुढच्या वेळी पंचायतीनं दुसऱ्यालाच पंच निवडलं.

न्यायपंचायतीचा गुण आणि दोष या एकाच गोष्टीत दिसतो. पंच गावचा असल्यानं त्याला शेत, बांध, माणसं सगळं ठाऊक. न्याय जवळ, स्वस्त आणि आपल्या बोलीत. पण ज्यांचा निवाडा करायचा, त्यांच्यातच राहायचं आणि त्यांच्याच मर्जीवर पुन्हा निवडून यायचं. गावातले गटतट न्यायाच्या ओट्यावरही येऊन बसत. शेवटी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रानं न्यायपंचायती बंद केल्या.

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मात्र न्यायाधीश आजही मतदानानं निवडतात. केरळच्या कासरगोड जिल्ह्यातले सुरेंद्रन पट्टेल लहानपणी विड्या वळत. ते वकील झाले, पुढे टेक्सासला गेले आणि २०२२ मध्ये तिथल्या फोर्ट बेंड काउंटीत जिल्हा न्यायाधीश म्हणून निवडून आले. टेक्सासात ही मुदत चार वर्षांची असते. उमेदवार पक्षाच्या चिन्हाखाली उभा राहतो, प्रचार करतो आणि मुदत संपली की पुन्हा मतदारांपुढे जातो.

आपल्या राज्यघटनेनं वेगळा रस्ता धरला. कनिष्ठ न्यायालयांतल्या नेमणुका अनुच्छेद २३४ प्रमाणे होतात आणि या न्यायाधीशांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं असतं (अनुच्छेद २३५). कर्नाटकात दिवाणी न्यायाधीश व्हायचं तर पूर्वपरीक्षा, लेखी परीक्षा आणि मुलाखत द्यावी लागते. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तीन वर्षं वकिली केल्याची अट पुन्हा आणली. लेखी परीक्षेत इंग्रजी-कन्नड भाषांतराचा पेपर असतो. म्हणून आपल्या मंडळातल्या मराठी मुलामुलींना माझं सांगणं आहे, या वाटेनं जायचं असेल तर कन्नड लिहिण्याचा सराव आत्तापासूनच ठेवा. नुसतं बोलता येणं पुरत नाही.

पण गावाजवळच्या न्यायाची गरज संपली नाही. आमच्याकडचे लोक तारखेसाठी हुमनाबादला जातात, दिवसाची मजुरी बुडते. म्हणूनच संसदेनं २००८ मध्ये ग्रामन्यायालयांचा कायदा केला. त्यातला न्यायाधिकारी निवडून आलेला नसतो, पण तो गावात येऊन कामकाज चालवू शकतो. ही न्यायालयं अजून फार थोड्या ठिकाणी पोचली आहेत.

हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि तुझ्यापुढं तुझा मेव्हणा आला तर?"

मी म्हणालो, "आता तसं प्रकरण आपण चालवायचं नसतं. ते दुसऱ्या न्यायाधीशाकडे जातं."

आजी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तसं तेव्हा असतं, तर मामा दिवाळीला आला असता."